चाखण्याचे चमचे

हॉटेलच्या किचनचं झुलतं दार खांद्याने ढकलून ठकी आत शिरली ती नेमकी दुपारच्या गर्दीत. सगळ्या शेगड्या पेटलेल्या, वर पंख्याची घरघर, आणि त्या सगळ्याच्या मधोमध तिचा दादा. खांद्यावर फडकं, कपाळावरून घाम निथळतोय, आणि दोन्ही हात दोन वेगवेगळ्या पातेल्यांत.

"आत्ता नको, ठके," तो मान न वळवता म्हणाला. तिची पावलं त्याला लहानपणापासून ओळखू येत. "एवढी गर्दी ओसरू दे. तिथे बस. पडू नकोस कुठे."

"पडायला काय झालंय मला?"

"काही होऊ नये म्हणूनच सांगतोय. बस."

भांडी घासायच्या मोरीजवळ एक स्टूल होतं, त्यावर ती बसली. घरून निघताना तिने एक वाक्य घोकून ठेवलं होतं. 'दादा, तू किडनी देऊ नकोस, मी हॉस्पिटलच्या प्रतीक्षायादीत नाव घालते, मला जराही वाईट वाटणार नाही.' वाक्याचा शेवटचा तुकडा धादांत खोटा होता, म्हणून त्याचाच सराव तिने जास्त केला होता.

तिच्या दोन्ही किडन्यांनी एकदमच अंग काढून घेतलं, त्याला आता बरेच महिने झाले होते. एक दिवसाआड हॉस्पिटलात जायचं, डायलिसिसच्या मशिनला हात जोडून द्यायचा आणि छताकडे बघत पडून राहायचं. मधल्या दिवशी जमेल तेवढं शिवणकाम करायचं. अगदी पहिल्या आठवड्यात, डॉक्टर अजून सगळं समजावून सांगत होते तेव्हाच, दादा मध्येच म्हणाला होता, "माझी घ्या की." शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तर आपण जसं म्हणू, तसं. तपासण्या झाल्या, सगळं जुळलं. डॉक्टरांची एकच अट होती. दादाचं वजन उतरायला हवं. एवढ्या वजनाच्या माणसावर आम्ही सुरी चालवणार नाही, एकाला वाचवताना दुसऱ्याचा जीव धोक्यात घालायचा नसतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"एवढंच ना?" दादा हसून म्हणाला होता.

आहारतज्ज्ञ बाईंनी तक्ता दिला आणि बजावलं, बाहेरचं खाणं पूर्ण बंद. हॉटेलच्या जेवणात दिसत नाही इतकं लोणी नि तेल असतं. त्यावर दादा म्हणाला, "ताई, मी बाहेरचं खात नाही. मी बाहेरचं करतो." तेव्हा घरातले सगळे खो खो हसले होते. आता ती आठवण कुणी काढत नव्हतं.

कारण वजनाचा काटा जागचा हलेना. वहिनी त्याला उकडलेला कोबी, उकडलेली गाजरं आणि पावाचा जेमतेम एक तुकडा वाढत होती, आणि तो तक्रार न करता गिळत होता. पहाटे उठून चालायला जात होता. हॉटेलात तर तो ताट घेऊन बसतच नाही, हे गल्ल्यावर बसणारी वहिनी शपथेवर सांगायला तयार होती. तरीही काटा म्हणजे काटाच.

शेवटी मनातलं बोलून दाखवलं ते ठकीच्या नवऱ्याने. एक दिवसाआड तिला नेऊन-आणून, रजा घालवून तोही बिचारा मेटाकुटीला आला होता. "देतो म्हणायला काय जातं?" तो म्हणाला. "घाबरलाय तुझा दादा. चोरून खात असणार. वजन उतरलं नाही की आपोआप सुटला. तोंडाला पानं पुसतोय तुझ्या." ठकी त्याच्याशी चार दिवस बोलली नाही. नंतर राग निवला आणि शंका तेवढी उरली. मागच्या खेपेला हॉस्पिटलच्या काट्यावरून उतरल्यावर दादाने तिच्याकडे पाहिलं नव्हतं. बूट घालायला म्हणून तो जो खाली वाकला तो वाकलेलाच राहिला. भित्र्या माणसाला बांधून ठेवू नये, तिने ठरवलं. आपणच त्याला मोकळं करावं.

वहिनीने दारातून डोकं आत घातलं. "आलीस? काही खाल्लंस का?" उत्तराची वाट न बघता तिने दोन कोरडे टोस्ट आणून हातात दिले. "पाणी देऊ?"

"माझं माझ्याजवळ आहे."

तिच्या पिशवीत एक बाटली असे. दिवसभराचं पाणी सकाळीच मोजून त्यात भरायचं. कुणाकडे चहा घेतला तर तेवढं पाणी आधी बाटलीतून ओतून टाकायचं. पहिल्याच दिवशी नर्सने तिला बजावलं होतं, जे जे तोंडातून आत जातं ते सगळं हिशोबात धरायचं, गोळीबरोबरचा घोटसुद्धा, चोखलेला बर्फसुद्धा. तेव्हापासून तिला एक वाईट खोड लागली होती. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे तिचं लक्ष जाई. बसमध्ये कुणी घटाघटा पाणी प्यायला लागलं की ती बघतच राहायची, अगदी निलाजऱ्यासारखी.

टोस्ट कुरतडत ती दादाचं काम बघू लागली. किती दिवसांनी बघत होती! त्याने पातेल्यात लोण्याचा गोळा टाकला, मशरूम परतले, वरून क्रीमची धार सोडली. उंच डब्यातून एक चमचा उपसला, सॉस तोंडात घेतला, डोळे मिटले. चमचा मोरीजवळच्या टोपात टाकला. चिमूटभर मीठ. नवा चमचा. पुन्हा डोळे मिटले. आता मान हलली. मग बाजूचं सूप. मग कुस्करलेला बटाटा, त्यात आणखी लोणी, आणखी एक चमचा. कोंबडीवर ओतायचा दाट रस्सा आटत होता, तो आटण्याआधी एकदा आणि आटल्यावर एकदा. त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या आचाऱ्याची शिस्त होती तशी, चाखल्याशिवाय ताट बाहेर जायचं नाही आणि उष्टा चमचा परत भांड्यात जायचा नाही. दादाने ती शिस्त आयुष्यभर देवासारखी पाळली होती. ताट दारातून बाहेर जाताना त्याच्या चेहऱ्यावर जे येई ते ठकीला फार आवडत असे. आपण कुणाला तरी जेवू घातलं, याचा तो साधा आनंद होता.

भांडी घासणाऱ्या मावशींनी चमच्यांचा टोप उचलला आणि खळ्ळकन मोरीत रिकामा केला.

"तुझ्या भावाचे चमचे घासून माझी नखं झिजली बघ," त्या म्हणाल्या. "ताटं कमी आणि चमचे जास्त."

"गिऱ्हाइकांचे असतील ना?"

"गिऱ्हाइकांचे ते तिकडे, काट्यांबरोबर. हे सगळे साहेबांचे. सकाळपासून किती वेळा टोप रिकामा केला, विचारू नकोस. संध्याकाळी परत आहेच."

ठकी पाण्याचा घोट घ्यायला बाटली तोंडाला लावत होती. ती तशीच थांबली. तिने मोरीतल्या ढिगाकडे पाहिलं, मग दादाच्या पाठीकडे. तो सूप चाखत होता. तिने बाटलीचं झाकण हळूच परत लावलं.

गर्दी ओसरली. दोन शेगड्या विझल्या. दादा फडक्याने मान पुसत तिच्याकडे वळला. "हं, आता बोल."

"मावशी, हे चमचे अजून घासू नका," ठकी म्हणाली. "दादा, तो मशरूमचा सॉस उरलाय का?"

"तुला चालणार नाही तो. मीठ आहे त्यात."

"मला खायचा नाहीय. पातेलं इकडे दे. आणि एक वाडगा."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, दादाने मुकाट्याने दिलं. तिने मोरीतला एक उष्टा चमचा उचलून बाजूला ठेवला आणि स्वच्छ चमच्याने एक चमचा सॉस वाडग्यात घातला. दुसरा उष्टा चमचा बाजूला, दुसरा चमचा सॉस. मावशी हात पुसून बघत उभ्या राहिल्या. वेटर येऊन थांबला. गल्ला तसाच सोडून वहिनी आली.

"हे काय चाललंय?"

"दादाचं ताट वाढतेय."

वाडगा काठोकाठ भरला तरी मोरीत चमचे उरले होते. तिने दुसरा वाडगा मागितला. सॉस संपला तेव्हा रस्सा घेतला. दुसऱ्या वाडग्यावर रश्श्याचा पिवळा तवंग धरला आणि मग कुठे चमचे संपले.

"थेंबे थेंबे तळे साचे," मावशी पुटपुटल्या. "आणि हा फक्त शेवटचा टोप आहे बरं का."

दादा त्या दोन वाडग्यांकडे असा बघत होता, जणू ते दुसऱ्याच कुणीतरी शिजवलं होतं.

"पण हे तर... चाखणं आहे, ठके."

"हो."

"चाखणं म्हणजे खाणं नव्हे."

"त्याला घसा वेगळा असतो का?"

वहिनीला हसू फुटलं. "मी तिकडे कोबी उकडतेय महिनोन्महिने," ती म्हणाली, "गाजरं मोजून वाढतेय... आणि हे इथे..." पुढचं तिला बोलता येईना. हसता हसताच ती रडायला लागली आणि गल्ला पुसायच्या फडक्याने डोळे पुसू लागली.

दादा भाज्यांच्या रिकाम्या क्रेटवर बसला. भलामोठा माणूस, पण एकदम लहान दिसायला लागला.

"मला वाटत होतं, माझं अंगच नाही म्हणतंय," तो म्हणाला. "अर्धपोटी झोपतो, पहाटे चालतो, आणि काटा हलत नाही. मला वाटायला लागलं, मी तोंडानेच देतो म्हणतोय. आत कुठेतरी मला द्यायचीच नाहीय. भित्रा असेन मी, कोण जाणे. तुझ्याकडे बघायची लाज वाटायची, ठके."

ठकीला नवऱ्याचं बोलणं आठवलं आणि त्याच्याहून जास्त स्वतःचं घोकलेलं वाक्य आठवलं. जो माणूस अर्धपोटी झोपून स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत होता, त्याला ती सोडून द्यायला निघाली होती. तिने त्याचा हात धरला. हाताला लोण्याचा आणि मिऱ्याचा वास होता. कृतज्ञता हा तिला आजवर भाषणातला शब्द वाटायचा. आता तो हात तिला सोडवेना.

"एक सूप, एक मशरूम," वेटर दारातून म्हणाला. कुणीतरी उशिरा जेवायला आलं होतं.

दादा सवयीने उठला. शेगडी पेटली, लोणी वितळलं, मशरूम परतले. त्याचा हात चमच्यांच्या डब्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तो तसाच उभा राहिला. आपल्याच घराचं दार आतून बंद झाल्यावर माणूस उभा राहतो, तसा.

"आता चाखायचं कुणी?"

"मी," वहिनी म्हणाली.

"तुला मिठाचं कळतं का? तुझ्या हातचं मी रोज जेवतोय."

"तेच जेवून इतकी वर्षं टिकलात ना? आणा इकडे."

तिने चमचा बुडवला, फुंकर मारली, तोंडात घेतला. दादा पातेल्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिच्या भुवया किंचित वर गेल्या, तशी त्याने मिठाची चिमूट सोडली. तिने दुसरा चमचा घेतला. मान हलली. आपण न चाखलेलं ताट दादाने आयुष्यात पहिल्यांदा वेटरच्या हातात दिलं, आणि ते दाराबाहेर गेल्यावरही कितीतरी वेळ तो दाराकडेच बघत राहिला. एवढ्या मोठ्या गोष्टीवर त्याने पाणी सोडलं होतं, आणि ते त्याच्या ध्यानातही आलेलं दिसत नव्हतं. ठकीच्या मात्र आलं.

मग त्याला एकदम आठवलं. "अगं, तू काहीतरी बोलायला आली होतीस ना? एवढ्या उन्हाची."

ठकी स्टुलावरून उठली. ती आजारी पडल्यापासून सगळ्यांनी सगळं आपण होऊन दिलं होतं. तिने कुणाकडे काही मागितलं नव्हतं, नवऱ्याकडे नाही, डॉक्टरांकडे नाही. दादाकडे तर नाहीच. मागितलं तर समोरच्याला नाही म्हणायला जागा उरत नाही, असं तिला वाटायचं.

"हो," ती म्हणाली. "दादा, मला तुझी किडनी हवीय. लवकर हवीय. मला जगायचंय."

दादाने खांद्यावरचं फडकं काढलं, कपाळ पुसलं, मग चेहराही पुसला, आणि पुसतच राहिला.

"मग इतके दिवस मागितली का नाहीस?" तो फडक्याआडून म्हणाला.