ओळीच्या पोटातला पिवळा धागा

या, असे जवळ येऊन बसा. गोष्ट लोकरीच्या गुंड्याएवढी आहे, मुठीत मावेल. पण तिचं टोक हाताला लागायला तीस वर्षं गेली, तेव्हा ऐकताना घाई नको.

धाकटी जाऊ पलंगाच्या कडेला बसून गुंता सोडवत होती. पांढरा, निळा, विटकरी आणि हिरवा असे चार धागे तिच्या मांडीवर होते आणि चौघांनी एकमेकांच्या गळ्यात गळे घातले होते. दिवसभर ती बस-आगारात चौकशीच्या खिडकीमागे बसायची. पाच नंबर गेली का, पाच नंबर कधी येईल, येईल ना नक्की. एवढ्याच प्रश्नांना आठ तास उत्तरं देऊन घरी आलं, की नवऱ्याने साधं ‘आलीस का’ म्हटलं तरी तिला खिडकी बंद करावीशी वाटायची.

पलंगावरून थोरली बघत होती. महिन्यापूर्वी विणता विणता ती खुर्चीतून कलंडली, तेव्हापासून तिचा उजवा हात आणि निम्मी जीभ झोपूनच होती. विणकाम त्या गडबडीत पायांत आलं, धागे तुटले. तिच्या मुलाला मुलगी झाली होती, आणि रविवारी सून बाळाला घेऊन घरी यायची होती. या घरातलं प्रत्येक मूल थोरलीने विणलेल्या दुपट्यातूनच उंबऱ्याच्या आत आलं होतं. या खेपेचं दुपटं अर्ध्याच्या जरा पुढे येऊन अडलं होतं. थोरलीने ते डाव्या हाताने उचलून धाकटीच्या ओंजळीत ठेवलं, तेव्हा नाही म्हणायला धाकटीला तोंड नव्हतं.

“डबे,” थोरली म्हणाली.

रंग म्हणजे जावा-जावा, असं ती पूर्वी सांगायची. एका टोपलीत ठेवल्या की झिंज्या धरणारच; प्रत्येकीला आपला डबा द्यावा, झाकणाला भोक पाडून त्यातून धागा काढावा, आणि ओळ संपली की काम एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून फिरवावं. ज्या रंगाची पाळी नाही, त्याचा धागा तोडायचा नाही. तो ओळीवर आडवा धरायचा आणि त्याच्यावरूनच टाके घालत जायचं. तो टाक्यांच्या पोटातून मुकाट चालत राहतो आणि पाळी आली की वर येतो.

धाकटीने डबे मांडले. मंगळवार आणि बुधवार मिळून तिने अकरा ओळी घातल्या. मान धरली, बोटाला घट्टा पडला, पण नक्षी बिनचूक आली. सुरुवात करताना काठाला एक मळकट टोक लोंबत होतं, ते तिने कात्रीने साफ केलं होतं. गुरुवारी तिने काम थोरलीच्या पुढ्यात धरलं. कौतुक नको होतं, पण एक मान हलली असती तर बरं वाटलं असतं.

थोरलीने पाहिलंच नाही. डोळे मिटून तिने डाव्या हाताचा अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत दुपटं धरलं, खालून वर चाचपत आली, आणि जिथून धाकटीचं काम सुरू होत होतं तिथे थांबली.

“पातळ,” ती म्हणाली. “उसव.”

धाकटीला वाटलं, आजारपणात माणूस हट्टी होतं. तिने समजुतीने सांगितलं की रंग बरोबर आहेत, टाके मोजलेत, रविवार तोंडावर आलाय. थोरली त्याच चिमटीत दुपटं धरून बसली.

“उसव.”

“जाऊबाई, दोन संध्याकाळ गेल्यात माझ्या. डोळ्यांत झोप आणि हातात सुई.”

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी आलं. आता तिला रडू लवकर यायचं, डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. तरी धाकटीने निमूट सुई काढली आणि धागा ओढायला सुरुवात केली. दोन दिवसांत उभं राहिलं, ते दहा मिनिटांत मांडीवर कुरळं होऊन पडलं. स्वतःचं शेवटचं टोक सुटलं, तेव्हा ती थांबली.

“आणखी,” थोरली म्हणाली.

“ही तर तुमची ओळ.”

“आणखी.”

धाकटीने ओढलं. निळा सुटला, पांढरा सुटला, विटकरी आणि हिरवा त्यांच्या पोटातून बाहेर आले. आणि त्यांच्यासोबत आला एक पाचवा धागा. नक्षीत कुठेच नसलेला. कापलेल्या टोकाशी मळका, पण आत गेला तसा लिंबाच्या सालीसारखा लख्ख पिवळा.

तो पिवळा धाकटीने स्वतः निवडला होता. तीस वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात, दुकानदाराला उंच शिडीवर चढायला लावून, चार गुंडे. तिची मुलगी दवाखान्यात नऊ दिवस जगली. धाकटी रिकाम्या हातांनी घरी आली आणि कपाट उघडलं, तर लोकर नव्हती. उचलून टाकली असणार, असं ती समजली. कुणी, ते विचारावंही लागलं नाही, कारण कपाटाची किल्ली एकट्या थोरलीच्याच कमरेला असायची. पुढे दोघी एका घरात नांदल्या, एकमेकींच्या तापात रात्री जागल्या, पण तेवढा एक कप्पा धाकटीने कधी उघडला नाही.

ती उठून बाहेरच्या खोलीत गेली. तिचा नवरा ज्या खुर्चीत बसायचा, तिच्यावर त्यांच्या मुलाचं लहानपणचं दुपटं घडी करून घातलेलं असे. मुलगा आता सव्वीस वर्षांचा, परगावी नोकरीला.

“उठा जरा.”

“आता माझ्याखालचं आसनही?” तो म्हणाला, पण तिचा चेहरा पाहून उठला.

कोपऱ्याशी दुपटं झिजून जाळी झालं होतं, आणि जाळीतून काहीतरी पिवळट दिसत होतं. तेलाचा डाग समजून तिने तो भाग आजवर दोनदा साबणाने घासला होता. आता तिने नख घालून पाहिलं. या ओळीत होता. खालच्या ओळीत होता. त्याच्याही खालच्या.

ती परत आली, तेव्हा थोरली डाव्या हाताने उशीखालून पत्र्याची डबी ओढत होती. आत अक्रोडाएवढा गुंडा होता.

“इतकाच?” धाकटीने विचारलं.

थोरलीने बोटं उघडून दाखवली: एक, दोन, तीन, चार. हे बाळ धरून चार मुलं, चार दुपटी. मग तिने हात उताणा करून पलंगावर ठेवला.

विचारण्यासारखं पुष्कळ होतं. धाकटीने पाचवा डबा आणला, झाकणाला भोक पाडलं, पिवळ्याचं टोक त्यातून ओवलं आणि पहिल्या टाक्याशी नेऊन धरलं.

“कुठपर्यंत न्यायचा?”

“शेवट,” थोरली म्हणाली. जीभ पुन्हा गोळा करून तिने पुरं केलं, “शेवटपर्यंत.”

शुक्रवारी धाकटीने आगारातून सुट्टी घेतली. पाच नंबरचं काय व्हायचं ते होवो. थोरलीने डोळे मिटून दर ओळ चिमटीत धरली आणि प्रत्येक वेळी हात खाली ठेवला. त्याचा अर्थ, ‘ठीक आहे’. पाच धागे सांभाळताना धाकटी दोनदा चुकली, दोनदा न कुरकुरता उसवलं. शनिवारी दुपारी तीन ओळी राहिल्या असताना पिवळा संपला.

थोरलीने आढ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्याची चांगली बाजू हलली.

धाकटी आपल्या खोलीत गेली आणि ट्रंकेच्या तळातून एक रुमालाची पुरचुंडी घेऊन आली. त्यात एकच मोजा होता. एकच, तोही टाचेपर्यंतच; नवशिक्या हाताचा, एक कड ओढलेली, अंगठ्यावर बसेल एवढा. कपाटातली लोकर गेली, तेव्हा हा तिच्या दवाखान्याच्या पिशवीत होता.

थोरली त्याच्याकडे बघतच राहिली. तिने डाव्या हाताने धाकटीचं मनगट धरलं.

“नको.”

धाकटीने ते मनगट हलवलं नाही. दुसऱ्या हाताने मोज्याचं टोक शोधलं, दातांनी गाठ सोडवली आणि हळूच ओढलं. तीस वर्षं एका आकारात बसलेला धागा लाटालाटांनी बाहेर आला.

“वाकडा झालाय फार,” ती म्हणाली. “असू दे. पोटातूनच तर जायचंय.”

मग थोरलीने मनगट सोडलं आणि उसवलेला धागा आपल्या चांगल्या हाताच्या बोटांवर गुंडाळून घेऊ लागली.

रविवारी बाळ त्या दुपट्यातून आत आलं. सून म्हणाली, काय सुंदर चार रंग जमलेत. धाकटी म्हणाली, हो, बाहेर ऊन आहे, आधी आत या.

आता उठाल, देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपल्या माणसांची नावं घेताना जरा थांबा. नऊ दिवसांची एक मुलगी होती, तिचं नाव ठेवायचं राहून गेलं. तिचीही आठवण असू द्या. देवाला नाव लागत नाही. पिवळा रंग सांगितला तरी पुरे.