लाल चौकट

डॉक्टरांचं त्या नव्या कॉम्प्युटरशी पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. हयात गेली काचेवरच्या पेशी निरखण्यात, आणि आता हा ठोकळा स्क्रीनवर लाल चौकट काढून त्यांना शिकवणार, कॅन्सर कुठे आहे ते!

पूर्वी प्रयोगशाळेत दोन तोंडांचा मायक्रोस्कोप होता. एका बाजूला डॉक्टर, समोर त्यांची बायको, तीही पॅथॉलॉजिस्टच. स्लाइड एकच, डोळे चार आणि भांडण मनसोक्त. काय दिवस होते ते! पुढे बाईंच्या मानेने दगा दिला, वाकून बघणं बंद झालं आणि त्या घरी बसल्या. समोरची रिकामी खुर्ची बघून डॉक्टरांना अजूनही भरून यायचं.

त्या दिवशी एका तरुण मुलीच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला आला. कॉम्प्युटरने कोपऱ्यात चौकट काढली. डॉक्टरांनी बघून नाक मुरडलं. साधी सूज! तसा रिपोर्ट गेला की सर्जन तिला घरी पाठवणार होता. पण सही करायला हात धजेना. शेवटी पेशंटचं नाव झाकून त्यांनी स्लाइडचं चित्र लॅपटॉपवर घरी नेलं आणि टीव्हीवर लावलं.

बाई उशीला मान टेकून बघत राहिल्या.

"सूज आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"अहो, सुजेच्या पेशी कशाही गर्दी करतात. या बघा कशा एकामागे एक रांगेत निघाल्यात. कॅन्सर आहे हा. दिसायला गरीब, पण आहे."

डॉक्टर टीव्हीजवळ गेले. रांग होती. विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं त्यांनीच शिकवलेली रांग.

"तो ठोकळा म्हणाला म्हणूनच मी नाही म्हणत होतो..."

"तुमचं भांडण कॉम्प्युटरशी आहे," बाई हळूच म्हणाल्या. "त्या पोरीशी नाही."

डॉक्टरांनी तिथूनच सर्जनला फोन लावला. "तिला सोडू नका. खात्रीसाठी आणखी एक तपासणी करतो, पण कॅन्सरच वाटतोय. गाठ लहान आहे, वेळेत सापडलीय."

फोन ठेवून त्यांनी टीव्ही बंद करायला रिमोट उचलला, तशी बाईंनी त्यांचा हात धरला.

"राहू दे ना," त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी बघतेय मी. अजून एखादी स्लाइड असेल तर लावा."