समुद्राला घातलेला बांध

सुरुचीचा ग्रह आठव्यांदा मेला तो शुक्रवारी सकाळी, चहाच्या वेळेला. मेला म्हणजे नेहमीसारखाच मेला. लाल ताऱ्याला बिलगून फिरणारा दगडी गोळा तो. एका अंगाला कायमचं ऊन, दुसऱ्या अंगाला कायमचा काळोख. काळोखातली हवा गारठून बर्फासारखी खाली पडायची, मग उरलेली तिकडे ओढली जायची, की खेळ खलास. हे सगळं कॉम्प्युटरमधल्या आकड्यांत, कबूल. पण पाच वर्षं ज्याच्यापायी घालवली त्याला नुसते आकडे कसं म्हणायचं?

साल २००८. विरारच्या पूर्वेला, खाडीकाठच्या घराच्या पडवीत, तिच्या पीएचडीच्या मार्गदर्शकांनी, जयवंत सरांनी, दिलेला जुना कॉम्प्युटर घरघरत असायचा. एकदा हिशेब लावला की अकरा दिवस, तेही भारनियमनाची मेहेरबानी असली तर. सर म्हणायचे, बाकीच्यांचे असले ग्रह जगतात, तुझाच का मरतो ते शोध, नाहीतर पीएचडी विसर. मुदत दोनदा वाढवून झाली होती. शनिवारी दुपारी ती कायमची संपणार होती. पोरीनं वायू वाढवले, ढग बदलले, ताऱ्याचा उजेड पुन्हा पुन्हा तपासला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, पण तिला बिचारीला कुठं ठाऊक!

ती टेबलावर डोकं ठेवून रडत होती तेव्हा तिचे बाबा, काशीराम, मागे येऊन उभे राहिले. माणूस चौथी शिकलेला, पण खाजणातल्या, खाडीकाठच्या खारट जमिनीतल्या, भातशेतीचा बांध राखण्यात जन्म गेलेला. पडद्यावर ग्रहाचा नकाशा होता. निळं काय, तपकिरी काय, त्यांनी विचारलं. डोळे पुसत तिनं सांगितलं, निळा समुद्र, तपकिरी जमीन. उन्हाकडचं कोमट पाणी वाहत काळोखाकडे जातं आणि तिकडची हवा गोठू देत नाही, निदान तसं व्हायला हवं.

बाबांनी ऊन आणि काळोखाच्या शिवेवरून बोट फिरवलं. तिथं तपकिरी पट्टी ग्रहाला सगळीकडून वेढून बसली होती.

"मग पानी पलीकडं जातं कुठनं? हा बांध कोनी घातला?"

सुरुची पडद्याजवळ वाकली. नकाशा कॉम्प्युटरनं आपल्या मनानं काढलेला, आणि त्या पट्टीत मुळात तीन बारीक फटी होत्या. पहिल्याच वर्षी, नकाशा नीट करताना, तिनंच त्या एकेक ठिपका देऊन बुजवल्या होत्या. दुसरा कुणी असता तर क्षणभर थांबला असता. पण सहा वर्षांची असल्यापासून शाळेतून आली की बांधावरून चालायचं आणि चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं चिखलानं बुजवायची, हे तिचं काम. भोक राहिलं की खारं पाणी शेतात. हाताला सवय, डोक्याला पत्ताच नाही.

फटी उघडायला दोन मिनिटं लागली. तिनं सरांना फोन करून अकरा दिवस मागितले. लाज सोडून मागितले, पाया पडते म्हणाली. सर म्हणाले, विद्यापीठाच्या ऑफिसात मी आधीच हात जोडून आलोय, आता एक दिवसही मिळायचा नाही. तरी तिनं हिशेब लावला. शनिवारी तिचं नाव विद्यापीठातून कमी झालं.

मध्ये दोनदा वीज गेली, म्हणून तेरा दिवस लागले. हवा टिकली. काळोखातसुद्धा टिकली. दाखवायला कुणीच नव्हतं, म्हणून ती बांधावर बाबांना सांगायला गेली.

"जगला ना?" बाबा खूश झाले. मग तिच्या पायाशी बीळ दिसलं, तसे सवयीनं म्हणाले, "बुजव गं तेवढं, भरती चढते."

सुरुचीनं मूठभर चिखल घेतला, खाली वाकली, आणि तशीच राहिली.

"बाबा, माझ्याच्यानं नाही होत."

काशीरामांनी तिच्या मुठीतला चिखल हळूच काढून घेतला आणि बीळ स्वतः बुजवलं.