अध्यक्षांच्या ठेवी

दीपमाळ बँकेच्या वार्षिक सभेला मुरुम गावातले लोक येतात ते स्टीलच्या डब्यासाठी. डबा घ्यायचा, मंगल कार्यालयात पंख्याखालची जागा धरायची, विषय वाचून होण्याआधीच "मंजूर, मंजूर" ओरडायचं आणि जेवणाच्या रांगेकडे धावायचं. दरवर्षी माझं डोकं फिरतं. यंदा तर मी जळतच होते, कारण अण्णांच्या खिशात चेक होता.

अण्णा म्हणजे माझे वडील, गुलाबराव. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. शिल्लक होतं नव्हतं ते सगळं ते बँकेच्या नव्या दीर्घ मुदतीच्या ठेवीत घालणार होते. मी घसा फोडून सांगितलं होतं, "अण्णा, ही साधी ठेव नाही. मधे काढता येत नाही, विमा नाही. बँक बुडाली तर सगळ्यांचं देऊन उरलं तरच तुम्हाला."

"गौरे, तुझं तोंड जन्मात बंद राहणार न्हाय," ते म्हणाले. "ह्याच पेठंत माझ्या बापाला बसाय कुणी पोतं दिलं न्हाय. मला बँकंत पयल्या रांगंत खुर्ची हाय."



मी उमरग्याला एका सरकारी बँकेत अधिकारी आहे, त्यामुळे दीपमाळचा अहवाल वाचताना मला घाम फुटला. व्याजदर तळाला होते तेव्हा या शहाण्यांनी लोकांच्या वर्षावर्षाच्या ठेवी दहा-दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांत घातल्या. मग दर चढले. रोख्यांतून सहाच टक्के येतात आणि ठेवीदाराला साडेसात द्यावे लागतात. आपला गाळा दहा वर्षांच्या ठरलेल्या भाड्यानं देऊन बसावं आणि आपल्या घराचं भाडं मात्र दरवर्षी वाढावं, तसं. रोखे विकावे तर नवे जास्त व्याजाचे मिळत असताना जुने पूर्ण भावात कोण घेणार? दर वाढले तर आपलं काय होईल, हे धड चालणारी बँक आधीच मांडून बघते आणि ठेवींच्या व रोख्यांच्या मुदती जुळवते. यांनी अहवालात रोख्यांची जुनीच किंमत छापली, आणि खड्डा बुजवायला माझ्या बापाचा पैसा मागितला.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती. अध्यक्ष कृष्णराज यांनी घरातल्या सगळ्यांच्या ठेवी दीपमाळमधून काढून नुकत्याच आमच्या शाखेत आणल्या होत्या. माझ्याच टेबलावर. पलीकडे कोण बसलंय हे त्यांनी मान वर करून पाहिलंही नव्हतं. पण ग्राहकाचं खातं बाहेर बोलायचं नाही, असं मी नोकरीला लागताना लिहून दिलंय.

नव्या ठेवींचा विषय आला तशी मी उठले. "रोख्यांची आजची किंमत किती? तोटा किती?"

"गुलाबरावांची लेक ना? कौतुक आहे," अध्यक्ष हसले. "ताई, रोखे सरकारचे आहेत. सरकार बुडतं का कधी?"

सभागृह हसलं. मी उत्तर देईपर्यंत माझा माइक बंद झाला होता.

"पहिले ठेवीदार गुलाबराव यांनी मंचावर यावं!"

अण्णा ताठ चालत वर गेले. त्यांच्या खांद्यावर शाल पडली. हात खिशाकडे गेला. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी ओरडले, "साहेब, तुमच्या स्वतःच्या ठेवी कुठं आहेत?"

अध्यक्षांनी छातीवर हात ठेवला. "याच बँकेत! पै न् पै!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. खोटारडा! शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. मी ओठ चावला आणि खाली बसले.

अण्णा मंचावरून माझ्याकडे बघत होते. मी आता तोंड उघडेन, मग उघडेन, म्हणून ते थांबले होते. मी उघडलं नाही. त्यांनी खिशातून हात बाहेर काढला, रिकामा.

"साहेब," ते म्हणाले, "ही पोरगी डिपो मॅनेजरला बी सोडत न्हाय. ती गप बसली म्हंजे कायतरी लई वंगाळ हाय. चेक राहू द्या." शाल घडी करून त्यांनी टेबलावर ठेवली आणि खाली उतरले.

"विषय मंजूर?" अध्यक्षांनी घाईनं विचारलं.

"मंजूर, मंजूर!"

शेजारी अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या मथुराबाई बसल्या होत्या. "पोरी, म्या भरू का गं पैसं?"

"नका भरू, मावशी."

"का गं?"

मी रोख्यांचं सांगायला लागले. व्याज, मुदत, खड्डा, सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. "पर त्यांचं सवताचं बी हितंच हाय म्हणले की," त्या म्हणाल्या, आणि डबा काखेत मारून ठेवीच्या टेबलाकडे गेल्या.