उभी राहिलेली चाकोरी

मुलांनो, जरा डोळ्यांपुढं आणा: भर जानेवारी आहे. जेवून फार वेळ झालेला नाही, तरी उजेड निळा पडायला लागलाय. तुम्ही स्नो-स्कूटरवर आत्याची कंबर धरून बसला आहात. मागं लोखंडी साचा ओढला जातोय आणि बर्फात दोन सरळ चर उमटतायत. स्की घालून येणाऱ्यांची ही चाकोरी. दिसली? आता तुमच्या जागी इल्वाला बसवा.

त्या आठवड्यात नॉर्वेच्या त्या दरीत हवेनं छळ मांडला होता. आधी पाऊस, मग वारा, मग कडाक्याची थंडी. बर्फ कुठं साखरेसारखा रवाळ, तर कुठं काचेसारखा.

"ह्याला बर्फ म्हणतात?" गुन्वोर आत्या करवादली. "साचा नुसता खरवडतोय. इल्वे, झोपलीस का गं?"

"तू गाडी अशी हाकल्यावर कोण झोपेल?"

तळ्याकाठी पोचताच आत्यानं गाडी थांबवली. इल्वानं गाडीला बांधलेल्या आपल्या स्की पायात चढवल्या. नाताळात पाडलेली जुनी चाकोरी तळ्यावर पुन्हा वर आली होती. भोवतीचा भुसभुशीत बर्फ पावसावाऱ्यानं खाल्ला होता. दाबलेला तेवढा उरला होता, आणि तो चरांसकट बांधासारखा उभा होता. ती चाकोरी सरळ ओढ्याच्या मुखाकडं जात होती. नाताळात तिथं जाड थर होता. आता वाहत्या पाण्यानं तो खालून पोखरला होता. नवी वाट बर्च झाडाच्या फांद्या रोवून काठाकाठानं आखली होती.

"उद्या शाळेची पोरं येणार," आत्या म्हणाली. "चाकोरी दिसली की आपली माणसं फांद्या बघत नाहीत. चाकोरी आहे म्हणजे कुणीतरी बर्फ तपासलाय, असं धरून चालतात. ही आजच मोडायची."

पहार आपटून अंदाज घेत ती फावडं घेऊन पुढं गेली. "तू ह्या फांदीपाशीच थांब. काही झालं तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू?"

तेवढ्यात मागून, रानातून, आवाज आला. शर्र... शर्र... एका लयीत घसरत येणाऱ्या स्की.

"कोण आहे?" आत्या ओरडली. "थांबा! पुढं बर्फ पातळ आहे!"

आवाज तळ्यावर उतरला आणि जुन्या चाकोरीवरून त्यांच्याकडं येऊ लागला. चाकोरीवर कुणीच नव्हतं. तिच्या दोन्ही अंगांना काठ्यांची बारीक भोकं मात्र उमटत होती. आधी एक, मग त्याच्या पुढं दुसरं.

आत्याचं फावडं हातातच राहिलं. "थांबा हो!" ती पुन्हा म्हणाली.

इल्वाला एवढं उमगलं, की हा हाकेनं थांबणारा नाही. ह्याला दुसरी चाकोरीच दाखवायला हवी. ती फांदीपासून घसरत आत्याजवळ गेली, जुन्या चाकोरीवर चढली, स्की तिरक्या केल्या आणि पाय दाबत फांद्यांच्या दिशेनं दोन चर काढू लागली.

"आत्या, सरळची मोड! लवकर!"

आत्या भानावर आली. फावड्याचे घाव पडले, बांध ढासळला. आवाज अगदी जवळ आला. इल्वाच्या गालावर थंड झुळूक लागली. शर्र... आणि तो वळला. नव्या चरांच्या कडेला भोकं उमटली.

मग तो थांबला. नवी चाकोरी तिथंच संपत होती. फांद्यांची ओळ अजून लांब होती, आणि उजव्या हाताला पातळ बर्फ काळा दिसत होता.

"चल घरी," आत्यानं तिची बाही ओढली. "आत्ताच्या आत्ता."

"अर्धी सोडली तर तो तिकडं जाईल ना गं."

इल्वानं बाही सोडवून घेतली. पुढं जाऊन चरांच्या टोकाशी ती उभी राहिली, मागं न बघता, आणि एकेक पाऊल दाबत फांद्यांकडं नवी चाकोरी पाडत निघाली. तिच्या पाठोपाठ, तिच्याच चालीनं, स्की घसरू लागल्या.