सतरा नंबरची काच

“हळू फिर रे हाता, दाणा सरता सरता,
दगड दगडाला खाई, दाणा संपून जाता.”

रागी, म्हणजे नाचणी, दळताना माझी आई, सोयराबाई, हे म्हणायची. मध्येच थांबून मला सांगायची, “मल्हारा, दाणा संपला की हाताला ऐकू येतं रे. डोळे मिटले तरी चालतं.”

आई गेली, जातं गेलं, दळणं तेवढं माझ्या वाट्याला उरलं. बंगळुरात मल्लेश्वरमच्या एका प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मी दगड घासतो. दगडाची चकती काचेवर चिकटवायची आणि ओल्या भुकटीवर गोल गोल फिरवायची, आरपार उजेड दिसेपर्यंत. मग सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी अतिप्राचीन जीवाणू दिसतात. केसाहून बारीक, काळे धागे.

आमच्याकडे संशोधन करणाऱ्या शिवानीचा दगड तीनशे कोटी वर्षांचा, अंगठ्याएवढा. तीन वर्षं ती त्याच्यामागे होती. त्यातून एकच चकती निघाली. जूनमध्ये मी ती घासत असताना कॉलेजची मुलं प्रयोगशाळा बघायला आली.

“अण्णा, कुठं थांबायचं ते कसं कळतं?” एकीनं विचारलं.

“हाताला ऐकू येतं,” मी म्हणालो, आणि मुलांसमोर ऐटीत डोळे मिटून घासू लागलो. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

डोळे उघडले तर काचेवर नुसतं पाणी.

कुणाला कळलं नाही. त्या दुपारी शेजारच्या खोक्यातल्या, निम्म्या वयाच्या दगडाची चकती मी तितकीच पातळ केली आणि काचेच्या कोपऱ्यात शिवानीचा नंबर कोरला : सतरा.

धागे त्यात निघाले.

आज शिवानी धावतच आली. “अण्णा, पेपर झाला! संध्याकाळी पाठवते. शेवटी तुमचं नाव घातलंय.”

“माझं कशाला?”

“मग काय वॉचमनचं घालू?” तिनं वाचून दाखवलं, “‘मल्हाररावांच्या हातांशिवाय हे धागे दिसले नसते.’ सरी ना? बरोबर ना?”

मी हात टेबलाखाली घेतले. नखांत अजून भुकटी होती.

“असे काय बसलात? चहा तरी पाजा, स्वल्प का होईना!”

तिच्या डोळ्यांकडे बघवेना. मी टेबलावरच्या काचेवर कोरलेल्या माझ्याच अक्षराकडे बघत राहिलो.

“शिवानी, पाठवू नकोस, बाळ. सतरा नंबरच्या काचेवर तुझा दगड नाही. तुझा दगड मी घासून संपवला. मुलांना दाखवायला, डोळे मिटून.”