दोन डायरेक्टर

कुमुदने फोन कानापासून दूर केला, पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं आणि परत तोच नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. सरलाताई उचलत नव्हत्या.

"आई, या ना इकडे." उल्काने लॅपटॉपचा पडदा जरा मागे कलता केला. "खिडकीसमोर बसा, चेहऱ्यावर उजेड हवा. पूर्ण नाव सांगायचं आणि डिजिटल सही स्वतःसाठी घेतेय असं म्हणायचं. बस. दोन वाक्यं."

"एकदाच लावून बघते."

"जयंत गेलाय ना स्कूटर घेऊन. पोचेलच आर. के. पुरमला. तुम्ही उगाच टेन्शन घेताय."

मुलाला कुमुदनेच पिटाळलं होतं; तरी ती सुनेच्या तोंडाकडे पाहत राहिली. उगाच म्हणताना उल्काचे ओठ कोरडे पडले होते.

सकाळी घटावर पाचवी माळ चढवताना शेजाऱ्यांच्या टीव्हीचा आवाज आत आला होता. कुट्टूचं पीठ, दिल्लीकर उपासाला खातात ते, खाऊन रातोरात कितीतरी माणसं दवाखान्यात गेली. उलट्या, चक्कर, हातपाय थरथरतात. पीठ कुठल्या चक्कीचं, कुणाच्या दुकानातलं, अजून कळलेलं नाही. माळेची गाठ मारता मारता कुमुदची बोटं थांबली होती. ती गाठ अजूनही सैलच होती.

तिच्या उपासाच्या भाजणीत आजवर कुट्टू कधी पडला नव्हता. साबुदाणा, वरी, राजगिरा, जिरं; प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा आणि मगच घरच्या चक्कीत घालायचा. यजमान शांताराम सरकारी नोकरीत होते, तेव्हापासून आर. के. पुरमच्या मराठी घरांत तिची भाजणी जायची. ते गेल्यावर दिल्लीतच द्वारकेच्या या फ्लॅटमध्ये तीच भाजणी हळूहळू धंदा झाली. उल्काने नोकरी सोडून त्यात हात घातला. आता गुरुग्रामची चार दुकानं माल ठेवायला तयार होती. अट एकच, समोर कंपनी हवी. म्हणून 'नवव्रत फराळ प्रायव्हेट लिमिटेड'. नाव मंजूर झालं होतं, ते राखून ठेवण्याची मुदत आज संपत होती आणि डायरेक्टर दोघी असल्या तरी कुमुदची डिजिटल सही अजून निघायची होती.

"दिल्लीवाले कुट्टू नसेल तर व्रतका आटा मानतच नाहीत आई," उल्का म्हणाली होती. "थोडासा घालू. बिल्कुल थोडा."

थोडासा घातला होता. कुट्टू बाजारातून आयता दळलेला आणला, कारण त्याची टरफलं घरी काढता येईनात.

आणि नेमकी हीच भाजणी तिने चाखली नव्हती. एरवी रीत ठरलेली होती. नव्या दळणाचं पहिलं थालीपीठ देवीला दाखवायचं, आपण खायचं, रात्र जाऊ द्यायची आणि दुसऱ्या दिवशी पाकिटं भरायची. पण यंदा तिने नवरात्रात नुसत्या दूध-फळांवर राहायचा नेम धरला होता. नैवेद्य दाखवला, थालीपीठ खाली गाईला घातलं आणि पाकिटं भरली. एकच पाकीट बाहेर गेलं होतं. सरलाताई काल संध्याकाळी स्वतः येऊन घेऊन गेल्या. "आजच लावते गं, तुझ्या हातचं पीठ असलं की उपास उपास वाटत नाही," असं म्हणत जिना उतरल्या. पंचाहत्तरीच्या बाई. मुलगा दौऱ्यावर, घरात दुसरं कुणी नाही.

"बोला आई. लाल दिवा लागला."

कुमुदने पदर खांद्यावरून पुढे घेतला. पडद्यावर एक म्हातारी तिच्याकडे बघत होती.

"मी, कुमुद..."

पुढचं निघेना. पडद्यावर हिंदीत अक्षरं उमटली: आवाज स्पष्ट नाही, पुन्हा प्रयत्न करा.

"आई, माझ्या सासऱ्यांचं नाव मध्ये घ्यायला लाजताय की काय? उखाणा घेतलात तरी चालेल," उल्का म्हणाली. हसू मात्र दोघींनाही आलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. कुमुदने झडप घातली. सूर्यकांत होते, शांतारामचे जुने स्नेही. लक्ष्मीनगरात त्यांचं सीएचं ऑफिस होतं आणि कंपनीचं सगळं तेच बघत होते.

"वहिनी, सही झाली का? माझा मुलगा फाइल उघडून बसलाय. संध्याकाळी सर्व्हर रडतो, आधी करा."

"भावजी, एक विचारू?" कुमुदचा आवाज एरवीही खालच्या पट्टीतला. आता तो त्यांना ऐकूच जाईना. तिला पुन्हा बोलावं लागलं. "कंपनी झाली म्हणजे पिठामुळे कुणाला काही झालं, तर..."

"तर कंपनी आणि तुम्ही वेगळ्या. दावा कंपनीवर. जोवर तुम्ही मुद्दाम काही वाईट केलेलं नाही, तोवर तुमच्या फ्लॅटला सहसा कुणी हात लावत नाही. म्हणून तर करतोय हे."

"आणि आधी दिलेलं पीठ?"

पलीकडे पंख्याचा आवाज बंद झाला.

"कुणाला काही झालंय का वहिनी?"

"कळलं नाही अजून."

"पाकिटावर काय छापलंय?"

"माझं नाव."

"तारीख घातलीय?"

"हाताने घालते मी. प्रत्येकावर."

"अच्छा," सूर्यकांत म्हणाले. "कालचं ते कालच्या माणसाचं, वहिनी. कंपनी उद्याची. पण तुम्ही सही करून घ्या. बाकीचं कळल्यावर बघू. आणि आत्ता फोनवर जास्त बोलू नका कुणाशी."

फोन ठेवल्यावरही त्यांचं शेवटचं वाक्य खोलीत राहिलं. कोपऱ्यात नंदादीप जळत होता. कुमुद उठली, वात पुढे सारायला म्हणून गेली आणि तशीच उभी राहिली. वात पुढे सारायची गरजच नव्हती.

"काय म्हणाले?"

"फ्लॅटला कुणी हात लावत नाही म्हणाले."

"मग चांगलंच आहे ना!"

"हो गं." कुमुदने डोळे मिटले. "ऐकून मला बरं वाटलं. सरलाताई तिकडे कशा आहेत माहीत नाही, आणि मला इथे बरं वाटलं."

लॅपटॉपवर उल्काला स्वतःचाच चेहरा दिसत होता, तो तिने हाताने झाकला. मग एकदम म्हणाली, "कुट्टू माझी आयडिया होती. तुम्ही नको म्हणत होतात."

"मी नको म्हटलं नव्हतं. मी गप्प बसले होते."

खाली भाजीवाल्याची आरोळी आली आणि गेली. जयंतचा फोन नव्हता. उल्काने लावून पाहिला. स्कूटरवर असेल, उचलत नव्हता. कुमुदच्या डोळ्यांपुढे सरलाताईंचं ते जुनं क्वार्टर आलं. हिरवा दरवाजा. आतून कडी. जयंत घंटी दाबतोय, पुन्हा दाबतोय, शेजारच्यांना बोलावतोय. तिने जप सुरू केला आणि दुसऱ्याच ओळीला तिला पुढचे शब्द आठवेनात. रोज पहाटे न चुकता म्हटलेले शब्द.

ती स्वयंपाकघरात गेली. दुकानांसाठी भरलेली पाकिटं ओट्याखाली रचून ठेवली होती. तिने वरचं एक काढलं. तारीख तीच, अक्षर तिचंच. कात्रीने कोपरा कापून भाजणी परातीत घेतली.

"आई, काय करताय?"

कुमुदने उकडलेला बटाटा कुस्करला, सैंधव घातलं, पाण्याचा हात लावला. तव्यावर थालीपीठ थापताना मधे एक भोक आणि कडेला चार भोकं, सवयीने बोटं आपोआप फिरली. तुपाचा वास सुटला. भाजणीचा वास नेहमीसारखाच होता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"आई! तुमचा नेम आहे. नऊ दिवस म्हणाला होतात."

"हो."

"आणि त्यात काही असेल तर?"

"म्हणून तर."

"वेडेपणा करताय. जयंत पोचेल आता, कळेलच. दहा मिनिटं थांबा."

"कळल्यावर खाल्लं तर काय खाल्लं?" कुमुद म्हणाली. आवाज तसाच खालचा होता, पण या वेळी शब्द सगळे नीट आले. "चांगलं कळलं तर ती नुसती चव. वाईट कळलं तर मी खाणारच नाही. मला ठाऊक आहे ना मी कशी ते."

तिने ताटली घटासमोर ठेवली, भोवती पाणी फिरवलं, हात जोडले. काय मागितलं ते उल्काला ऐकू आलं नाही. फार वेळ लागला नाही एवढं खरं. मग माळेची सैल राहिलेली गाठ तिने पक्की केली, ताटली उचलून टेबलावर आणली आणि पाटावर बसावं तशी ताठ बसली.

लॅपटॉपचा पडदा काळा झाला होता. उल्काने तो जागा केला नाही.

कुमुदने पहिला घास तोडला. तुकडा वाकडा निघाला. तिने तो तोंडात घातला आणि सावकाश चावला, लहान मुलाला भरवण्याआधी आई चावून बघते तसा.

उल्का समोर उभी होती. उपासाचं काही तिला कधी आवडायचं नाही. भाजणीच्या थालीपिठाला ती हसत हसत 'आईंचं कार्डबोर्ड' म्हणायची. तिने खुर्ची ओढली. बसली.

"प्रायव्हेट लिमिटेडला दोन डायरेक्टर लागतात," ती म्हणाली आणि ताटलीच्या दुसऱ्या कडेने तुकडा मोडला.

कुमुदने पटकन तिचं मनगट धरलं. दोघींचे हात ताटलीवर तसेच राहिले. उल्काचं मनगट गार होतं, आणि नाडी इतकी जोरात उडत होती की कुमुदला आपलीच वाटली. तिने नको म्हणायला तोंड उघडलं. मग कुट्टूच्या वेळी आपण गप्प बसलो होतो ते तिला आठवलं. तिने हात सोडला.

उल्काने घास खाल्ला.

"किती वेळाने कळतं आई?"

"माहीत नाही. आपण इथेच बसू."

दोघी आळीपाळीने तोडत राहिल्या. खिडकीतला उजेड टेबलावरून भिंतीवर सरकला. शेजारचा टीव्ही पुन्हा लागला, त्यातल्या बाईचा आवाज चढला, पण शब्द कळत नव्हते. ताटलीत शेवटचा तुकडा राहिला. तो कुमुदने उचलला तेव्हा फोन टेबलावर थरथरू लागला. पडद्यावर जयंतचं नाव होतं.

उल्काने हात पुढे केला आणि तसाच हवेत धरला.

फोन वाजत होता. कुमुदने उजव्या हातातला घास तोंडात घातला, चावला, गिळला. मग डाव्या हाताने फोन उचलून कानाला लावला.